ख्रिसमस झाला, आता त्या झाडाचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही नाशिकरोडला राहतो. दरवर्षी सुरूच्या फांद्या बांधून ख्रिसमस ट्री करतो, 6 जानेवारीला उतरवतो आणि घंटागाडीत देतो. यंदा मुलगी म्हणते परदेशात लोक झाड बारीक करून बागेतच टाकतात, आपणपण टाकू. शेजारच्या काकू म्हणतात अजिबात नको, माती आंबट होऊन गुलाब जातील. कुणाचं ऐकू?

उत्तर: मुलीचं ऐका, पण थोडं सांभाळून. काकूंची भीती तिकडच्या पाइन-स्प्रूस या ख्रिसमसच्या झाडांबद्दल तिकडेही आहेच, पण त्यांच्या ताज्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, जरा आम्लधर्मी असल्या तरी कुजता कुजता ते बरंचसं निघून जातं, आणि आपली काळी माती मुळातच चुनखडीची, तिला पाटीभर पाल्याने काय फरक पडणार!

सुरूची भानगड वेगळीच आहे. त्याच्या त्या लांब सुया म्हणजे पानं नाहीतच, बारीक हिरव्या काड्या आहेत, खरी पानं त्यांच्या पेरांवर एवढ्याश्या खवल्यांसारखी असतात, आणि त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असल्यामुळे हे सगळं कुजायला वेळ खातं नि जाड थर दिला तर खालचं बी नीट उगवत नाही. म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात नकोच. गुलाब, जास्वंद, कढीपत्ता अशा मोठ्या झाडांखाली कात्रीने तुकडे करून दोनेक इंच पसरा, द्राक्षबागेत उसाचं पाचट अंथरतात ना तसंच, ओल टिकते. खोडापासून चार बोटं लांब ठेवा आणि घराच्या भिंतीला तर लावूच नका, सुकी काडी दिसली की वाळवी येतेच. मातीत मिसळू पण नका, लाकूड कुजवणारे जीवाणू तेवढा काळ नायट्रोजन ओढून घेतात. जाड काड्या वाटाण्याच्या वेलाला आधाराला घ्या. आणि हो, कापूस, चमकी, स्प्रेचा बर्फ आधी सगळा काढा, चमकी एकदा मातीत गेली की वेचत बसावं लागतं. स्प्रे निघत नसेल तर त्या फांद्या खुशाल घंटागाडीत द्या.

प्रश्न: कुंडीतलं अरौकेरिया (ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते झाड) खालून सुकतंय. शेंडा छाटून अंगणात लावू का?

उत्तर: शेंडा अजिबात छाटू नका, तो गेला की ते सरळ टप्पे टप्पे वाढणं बिघडतं, आणि बाजूच्या फांदीचं कलम केलं तरी ते आडवंच वाढतं. खालच्या फांद्या बहुतेक हॉलमधल्या अंधाराने गेल्या असतील, त्या परत फुटणार नाहीत. आधी बाल्कनीत सावलीला, मग हळूहळू उन्हात न्या. जमिनीत लावायचं तर जागा बघून, मूळच्या, ऑस्ट्रेलियाकडच्या नॉरफोक बेटावर हे झाड 50 मीटरपर्यंत जातं, वर विजेची तार असेल तर कुंडीच बरी.

प्रश्न: जुनं प्लास्टिकचं ट्री जाळून राख कुंड्यांना घातली तर?

उत्तर: नको! ते बहुतेक पीव्हीसी या प्लास्टिकचं असतं, जाळलं की विषारी धूर होतो आणि त्या राखेत झाडाच्या कामाचं काही नसतं. माळ्यावर ठेवा, डिसेंबरात पुन्हा काढा.