वेगवान कण कोणत्या कोनातून आला, हे यानाला कसं कळतं?

तुमचा प्रश्न: अवकाशात सुसाट धावणारा प्रोटॉन यानावर आदळला, तर तो कोणत्या दिशेने आला हे कसं मोजतात, आणि त्या दिशेने मागे गेलं तर उगम सापडतो का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: बहुतेक वेळा नाही. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत येतो. शेवटच्या क्षणी त्याचं तोंड कुठे होतं, यावरून त्याचं गाव कळत नाही.

आता मोजणी. कण आदळला की त्याची नोंद करणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या एकामागे एक लावतात आणि त्यांच्यापुढे आतून कड्या बसवलेली आखूड नळी, म्हणजे कोलिमेटर. तिरका आलेला कण कड्यांवरच अडतो. ज्याची नोंद झाली, तो नळीच्या रोखानेच आला. मग नळी चहूकडे फिरवायची. नासाची व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज ही जुळी यानं (2012 ते 2019) साधारण 11 सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारत. फेरीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात किती कण आले ते मोजायचं.

आपल्या आदित्य-एल1ला असं गरगरणं परवडत नाही, त्याच्या दुर्बिणी सूर्यावर रोखलेल्या असतात. म्हणून अहमदाबादच्या पीआरएलने (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बनवलेल्या स्टेप्स उपकरणात सहा डिटेक्टर सहा दिशांना तोंड करून आहेत. त्यातला एक खास पार्कर सर्पिलाच्या, म्हणजे सूर्यापासून वळत येणाऱ्या चुंबकीय रेषेच्या दिशेने. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र वळत वळत पृथ्वीजवळ येईपर्यंत सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे 45 अंशांचा कोन करतं, आणि सौरस्फोटातले कण बरेचदा त्याच वाटेने येतात.

माझ्या मते निम्मं काम मात्र मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचं. यानाच्या संदर्भातला कोन तसा निरुपयोगी. हवा असतो चुंबकीय रेषेशी झालेला कोन, म्हणजे पिच अँगल. तो 90 अंशांजवळ असेल तर कण पृथ्वीभोवतीच्या वेगवान कणांच्या पट्ट्यात (व्हॅन अ‍ॅलन पट्टा) अडकून राहतो, शून्याजवळ असेल तर वातावरणात पडून संपतो. पंचाईत अशी की पृथ्वीच्या केंद्रापासून पाच त्रिज्यांवर, विषुववृत्तापाशी, हा पडणाऱ्यांचा शंकू, म्हणजे वातावरणात पडणाऱ्या कणांच्या कोनांचा पट्टा, रेषेपासून जेमतेम 4 अंशांचा असतो. व्हॅन अ‍ॅलन प्रोब्जवरच्या आरईपीटी या कण मोजणाऱ्या दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्रच 32 अंशांचं! तिथे तो वेगळा दिसणार कसा? रेषा खाली पृथ्वीकडे उतरते तसं क्षेत्र तीव्र होतं आणि शंकू रुंदावतो. 450 किलोमीटर उंचीवर तो 65 अंशांच्या पुढे जातो. युसीएलएच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) विद्यार्थ्यांनी बनवलेले एल्फिन हे दोन चिमुकले उपग्रह 2018 मध्ये याच कारणासाठी खालच्या कक्षेत सोडले होते.