नोकरी गेली तर जर्मन सरकार पोसतं का? चाकणहून श्टुटगार्टला निघालेल्याला उत्तर

तू दादा म्हणालास म्हणून मीपण सरळ अरेतुरेवर येतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा, की चाकणला आठ वर्षं काढलीस, आता श्टुटगार्टजवळच्या एका ऑटो सप्लायर कंपनीची वर्षाला ५८ हजार युरोची ऑफर हातात आहे, ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी लोकांचा इथे राहून काम करायचा परवाना) होईल, बायको आणि तीन वर्षांची मुलगी सोबत येणार, आणि नेमकी मधेच बातमी वाचलीस की जर्मनीत बेकार लोक ३० लाखांवर गेले. त्यात सासरे म्हणतायत काळजी कसली, तिकडे नोकरी गेली तरी सरकार घरबसल्या पैसे देतं. बातमीही खरी आहे आणि सासरेही अगदी चूक नाहीत, पण तुझ्या केसमध्ये दोन्हीचा अर्थ जरा वेगळा निघतो.

आधी ते ३० लाख. इथल्या सरकारी रोजगार खात्याचं मुख्य ऑफिस न्युर्नबर्गला आहे, ते दर महिनाअखेरीला आकडे काढतात. ऑगस्ट २०२५ ला आकडा ३० लाखांच्या वर गेला, ६.४ टक्के, आणि हे फेब्रुवारी २०१५ नंतर पहिल्यांदाच झालं म्हणून पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. सप्टेंबरमध्ये परत ३० च्या खाली आला, त्याची बातमी मात्र तुझ्यापर्यंत पोचली नसणार. ऑगस्टला हा आकडा दरवर्षीच फुगतो कारण उन्हाळ्यात ट्रेनिंग संपवून पोरं बाहेर पडतात आणि कंपन्या सुट्ट्यांमुळे भरती पुढे ढकलतात, जानेवारीत परत फुगतो कारण थंडीत बांधकामं बंद. त्यामुळे महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी कर. तशी केलीस तरी वाढ दिसतेच म्हणा. २०१९ ची सरासरी साधारण २२ लाख ७० हजार होती, २०२४ ची २७ लाख ९० हजारांच्या आसपास. पण २००५ ला हाच आकडा वर्षभराच्या सरासरीने ४८ लाखांच्या वर होता, ११.७ टक्के, माझे इथले जुने शेजारी अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे "जर्मनी बुडाली" वगैरे व्हिडिओ बघून झोप घालवू नको.

अजून एक गंमत, या आकड्यात नक्की कोण धरतात. आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही नाव नोंदवून बेकार म्हणून मोजला जातो, आणि उलट खात्याने ज्याला भाषेच्या किंवा कसल्या कोर्सला बसवलंय तो तेवढे महिने यादीतून गायब. युरोपभर वापरतात त्या पद्धतीने मोजलं तर जर्मनीचा दर ४ टक्क्यांच्या आत येतो. दोन्ही आकडे खरेच, फक्त मोजायची फूटपट्टी वेगळी.

पण तुला देशाच्या आकड्याचं करायचंय काय? गेल्झनकिर्शनला, जिथे कोळशाच्या खाणी होत्या, तिथे १४-१५ टक्के आहे, ब्रेमेन राज्यात ११ च्या पुढे, बर्लिन १० च्या आसपास, आणि बायर्न (बव्हेरिया) आणि श्टुटगार्टचं म्हणजे आमचं राज्य बाडेन-व्युर्टेमबर्ग अजून पाचच्या आत. म्हणजे तू येतोयस ते अजूनही देशातल्या चांगल्या भागात. आता खरी मेख ऐक, इथे टक्का कमी असला तरी जे काही वाढतंय ते नेमकं तुझ्याच धंद्यात वाढतंय. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये अजून १३ हजार जागा कमी करणार म्हणून जाहीर केलं, त्यात फॉयरबाख आणि श्वीबरडिंगन म्हणजे आमच्या एस-बानच्या (लोकल ट्रेनच्या) अंतरावरची ठिकाणं. त्झेडएफने (ZF, गाड्यांचे पार्ट बनवणारी मोठी कंपनी) २०२४ मध्येच जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत जागा २०२८ च्या अखेरीपर्यंत कमी करायचं सांगितलं, फोक्सवागनचा डिसेंबर २०२४ चा करार २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायचा. हे सगळं एका दिवसात होत नाही, बरेच लोक रिटायरमेंट आणि पैसे घेऊन जाणं असल्या मार्गाने कमी करतात, पण नवीन आलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ एवढाच की दुसरी नोकरी शोधायला गेलास तर त्याच दारात तुझ्यापुढे वीस वर्षं अनुभवाचा, जर्मन मातृभाषा असलेला माणूस उभा आहे. मी स्वतः २०१८ ला आलो तेव्हा लिंक्डइनवर रोज मेसेज यायचे, आता महिन्याला एखादा आला तर बायकोला दाखवतो.

आता सासऱ्यांचा मुद्दा. इथे दोन वेगळे पैसे आहेत आणि आपले लोक कायम दोन्हीची खिचडी करतात. पहिला आर्बाइट्सलोजनगेल्ड म्हणजे बेकारी भत्ता, हा विमा आहे, भीक नाही आणि उपकार पण नाही. पगाराच्या २.६ टक्के हप्ता, अर्धा तुझा अर्धा कंपनीचा, म्हणजे तुझ्या ५८ हजारांवर महिन्याला तुझे साधारण ६३ युरो कापले जातील. नोकरी गेली की हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७, म्हणजे तुझ्या हातात ३,००० येत असतील तर ढोबळ २,००० धर, आणि तेवढे महिने आरोग्य विम्याचा हप्ताही तेच भरतात जी फार मोठी गोष्ट आहे. पण अट काय, तर मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ता भरलेला पाहिजे. १२ महिने भरलास तर ६ महिने पैसे, २४ भरलास तर १२ महिने. पुण्यातली आठ वर्षं आणि पीएफ इथे शून्य.

म्हणजे तुझं खरं रिस्क पहिल्या वर्षात आहे! पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, आणि अकराव्या महिन्यात गेली तर विम्याचा एक युरो नाही.

दुसरा पैसा म्हणजे ब्युर्गरगेल्ड, गरजूंना मिळणारी सरकारी मदत, ज्यावर टीव्हीवर रोज भांडणं चालतात. याला आधी हार्ट्झ फोर म्हणायचे (फोक्सवागनच्या एका साहेबाच्या नावावरून पडलं होतं, बिचाऱ्याचं आडनाव कायमचं बदनाम झालं), २०२३ पासून नाव बदललं, २०२५ मध्ये आलेल्या सरकारने परत नाव आणि नियम दोन्ही बदलायचं ठरवलं. एकट्या माणसाला महिन्याला ५६३ युरो, वर भाडं आणि हीटिंग. साधारण ५५ लाख लोक यावर आहेत, त्यात मुलंही आली आणि आठेक लाख असे की जे नोकरी करतात पण भागत नाही म्हणून वरचे घेतात. तुझ्यासाठी याचा विचारच करू नको. विम्याचा पैसा घेतलास तर तो तुझ्या हप्त्यांतून आलेला म्हणून व्हिसावाले सरकारी मदत धरत नाहीत, पण ब्युर्गरगेल्ड घेतलं की "हा स्वतःचं पोट भरू शकत नाही" असा शिक्का, आणि मग परवाना वाढवणं आणि पुढचं पर्मनंट (कायम राहायचा परवाना) दोन्ही अडकतं. मुलीचे किंडरगेल्डचे (मुलामागे मिळणारा भत्ता) महिन्याला २५९ युरो (२०२५ मध्ये २५५ होते) मात्र बिनधास्त घे, ते यात मोजत नाहीत.

आता माझंच सांगतो. २०२४ च्या गणपतीत आमच्या कंपनीने (नाव नको) आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. शुक्रवारी दुपारी एचआरने मीटिंगला बोलावलं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकाच्या नावाचं पाकीट, त्यात नोटीस, तीन महिन्यांना थोडे दिवस कमी. मी म्हटलं जवळजवळ तीन महिने आहेत की, आधी घरचे पाच दिवस होऊ देत, विसर्जन झाल्यावर बघू. दहाव्या दिवशी आर्बाइट्सआगेंटूरला, म्हणजे त्याच रोजगार खात्याच्या ऑफिसला गेलो, नंबर काढला, समोरच्या बाईंनी चष्मा खाली करून पाकिटावरची तारीख बघितली, मग कॅलेंडर बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, कळल्यापासून तीन दिवसांत सांगायचं असतं. नोकरी संपायला तीन महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर तीन दिवस, हा नियम मला माहीतच नव्हता. एक आठवड्याचे पैसे कापले. बाप्पाला नमस्कार घातला, दुसरं काय करणार. खरं तर हे ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, मी पाच दिवस मोदक खात बसलो.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोस्ताचं याहून वाईट झालं. त्याला एचआरने गोड बोलून "आपण आपसात मिटवू" म्हणून एक कागद दिला, आउफहेबुंग्सफरट्राग, वर दोन पगार जास्त, आणि याने तिथेच सही केली. म्हणजे कागदोपत्री याने स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडली, आणि मर्जीने सोडली की १२ आठवडे पैसे बंद. त्याला वाटलं होतं दोन पगार फायद्यात आहे. काहीही पुढ्यात ठेवलं तरी तिथे सही करू नको, घरी आण, वकिलाला दाखव, नोटिशीविरुद्ध कोर्टात जायचं तर तीन आठवडेच असतात हेही ध्यानात ठेव.

मला पुढची नोकरी पाच महिन्यांनी लागली, गाड्यांमध्ये नाही, मेडिकल उपकरणांच्या कंपनीत, आणि लागली ती माझ्या जर्मनमुळे. त्या पाच महिन्यांत आमचं भाडं १,३५० होतं हे पण लक्षात घे. आणि नोकरी गेल्याचं परदेशी नागरिकांच्या ऑफिसला दोन आठवड्यांत कळवायचं असतं, कळवलं नाही तर ते फार मनावर घेतात. नवीन शोधायला सहसा काही महिने देतात, पण तो त्यांचा निर्णय.

बरं तुझ्या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटच्या ओळीत लिहिलीस, "बायकोने नर्सिंग केलंय पण सध्या घरीच असते." अरे, इथे तुझ्यासारखे इंजिनिअर रांगेत आहेत आणि नर्स मिळत नाहीत! आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये याच बाडेन-व्युर्टेमबर्गशी १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात नर्सिंग आहेच की. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला कामाची पूर्ण परवानगी असते. फक्त डिग्रीची मान्यता काढावी लागते आणि जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत (बी१ च्या वरची परीक्षा) लागते, यात वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून आजच तिला पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला घाल, स्वतःपण जा. तुला पर्मनंट २७ महिन्यांनी मिळतं, बी१ असेल तर २१, आणि घरात दोन पगार असतील तर तुझ्या कंपनीचं काही झालं तरी घर चालतं.

ऑफरबद्दल माझं मत, ये, पण आधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचार. करार पर्मनंट आहे की दोन वर्षांचा, तुझं काम इंजिनशी संबंधित आहे की सॉफ्टवेअर-बॅटरीशी, आणि त्या प्लांटमध्ये सध्या कुर्त्सआर्बाइट चालू आहे का, म्हणजे कामाचे तास कमी करून उरलेल्या पगाराचा काही भाग रोजगार खात्याकडून, तेच ६०-६७ टक्क्यांचं गणित. २०२० च्या एप्रिलमध्ये देशात जवळपास ६० लाख लोक त्याच्यावर होते आणि त्यामुळेच तेव्हा बेकारी फार फुटली नाही. चालू असेल आणि तरी बाहेरून भरती करतायत तर का, हे विचारायला लाजू नको.

पहिले सहा महिने एकटा ये, प्रोबेशन झालं की त्यांना आण, आणि येताना सहा महिन्यांचा खर्च पुरेल एवढे पैसे बाजूला ठेवून ये, सोसायटीच्या लोनमध्ये सगळे अडकवू नको. कराराचा फोटो पाठव मला, कंपनीचं नाव आणि पगार झाकून चालेल, नोटीस आणि प्रोबेशनचं कलम बघून सांगतो. रविवारी पाठव, आठवड्यात मला संध्याकाळी सातनंतरच वेळ होतो आणि तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र जवळ आलेली असते.