ब्रेड मशीनमध्ये चक्कीची कणीक चालेल का?

प्रश्न : ताई, मशीनच्या पुस्तकात ब्रेड फ्लावर (ब्रेडसाठीचं जास्त प्रथिनं असलेलं पांढरं पीठ) आणि मिल्क पावडर लिहिलंय, मी त्याऐवजी घरची कणीक आणि साधं दूध घातलं तर ब्रेड विटेसारखा झाला. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, कणीक चालते, पण सगळीच्या सगळी नको. त्यातला कोंडा ग्लुटेनची, म्हणजे ब्रेड फुगवून धरणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची, जाळी तोडतो, शिवाय चक्कीत दळलेलं पीठ पाणी खूप पितं, त्यामुळे पुस्तकातल्या मापाने पाणी घातलं की गोळा घट्ट होतो आणि ब्रेड फुगतच नाही. २०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम मैदा घ्या, पाणी २७० मिली पासून सुरू करा. मग मळणी सुरू झाल्यावर ७-८ मिनिटांनी झाकण उघडून बघा, बिनधास्त उघडा, तेव्हा काही बिघडत नाही. गोळा कडेला न चिकटता गोल फिरत असेल आणि बोट लावल्यावर जरासा चिकट लागला तर बरोबर. खडखडीत असेल, भांड्यावर आपटत असेल तर एकेक चमचा पाणी घाला आणि दोन मिनिटं थांबा, मला तर कधीकधी तीन-चार चमचे लागतात.

दूध घालायला हरकत नाही, तेवढं पाणी कमी करा. पण रात्री टायमर लावून ठेवणार असाल तर दूध नको, उन्हाळ्यात नासतं, तिथे पावडरच घ्या. आणि हो, यीस्ट इन्स्टंट, म्हणजे थेट पिठात घालायचं, आहे ना? ॲक्टिव्ह ड्राय असेल तर सव्वापट घ्या आणि आधी कोमट पाण्यात फुलवून घ्या.