बोटीचा भाव ठीक आहे, पण पैसे कुठून आणताय?

ऑस्टिनच्या एका वाचकाचं पत्र: "वय ४१, पगार १,६०,००० डॉलर. २०१६ ची मलिबू वेकसेटर बोट, २२ फुटी, ५४० तास चाललेली, ट्रेलरसकट ६२,००० ला मिळतेय. भाव रास्त आहे का? २२,००० बचतीतून देईन, ४०,००० आययूएल पॉलिसीवर (शेअर निर्देशांकाला जोडलेला, बचतीचा आयुर्विमा) कर्ज काढेन. एजंट म्हणतात, स्वतःचेच पैसे, कर नाही. पॉलिसीत सहा वर्षं महिना १,२०० भरतोय. खात्यात ६१,००० दिसतात, सरेंडर किंमत (आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी) ४४,०००. त्यामुळे ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, पगाराच्या २ टक्केच टाकतो (कंपनी ५ टक्क्यांपर्यंत तेवढेच घालते). मुलांना वेकबोर्डिंगचं (बोटीमागे फळीवरून घसरत जाण्याचं) वेड आहे, उन्हाळ्यात आठ वेळा तरी जाऊ. एरवी बोट भाड्याने देऊन खर्च सुटेल."

बोटीचं आधी उरकतो. वर्षाला साठ तास म्हणजे बेताचा वापर. उलट नऊ-दहा वर्षांत शंभरच तास चाललेली बोट दिसली तर मी बिचकेन. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. जुन्या बोटींचे भाव देणाऱ्या जे. डी. पॉवरची किंमत बघा, तशाच चार बोटींचे भाव काढा आणि दहा टक्के खाली बोला. इंजिनाचे तास डॅशवर नव्हे, कॉम्प्युटरमधून वाचून घ्या. बॅलास्टच्या (वजनासाठी पाणी भरायच्या) टाक्या भरून पाण्यात चालवून बघा. बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरला पाच-सहाशे डॉलर जातील, ते वाचवू नका. सगळं नीट निघालं तर ५६,००० द्यायला हरकत नाही. वर टेक्ससचा सव्वासहा टक्के कर.

बोट भाड्याने देण्याचं मात्र विसरा. घरगुती बोटीच्या विम्यात भाड्याचा धंदा सहसा बसत नाही. जागा, विमा, पेट्रोल, दुरुस्ती मिळून वर्षाला आठ-साडेआठ हजार, घसारा चार हजार. त्यापेक्षा आठ वेळा चार-चार तास चालकासकट बोट भाड्याने घेतलीत, तासाला अडीचशे धरले, तरी आठ हजार.

आता तुम्ही न विचारलेलं. बोट महाग नाही, पॉलिसी महाग आहे. सहा वर्षांत ८६,४०० भरलेत आणि आज हातात येतात ४४,०००. शेअर बाजाराला चांगली गेलेली ही वर्षं! एजंटने सात टक्क्यांचा सुरेख तक्ता दाखवला असेल. अशा पॉलिसीत निर्देशांकातल्या शेअर्सचे लाभांश धरत नाहीत, नफ्याला वरून झाकण असतं आणि 'तोटा शून्य' म्हणतात त्या वर्षीही विम्याचा खर्च खात्यातून कापला जातोच.

याच्यासाठी तुम्ही कंपनीचे ३ टक्के सोडलेत. वर्षाला ४,८००, सहा वर्षांत २९,००० च्या आसपास. फुकट मिळणारे पैसे होते हो!

आणि आता ४४,००० पैकी ४०,००० उचलायचे. 'स्वतःचेच पैसे' असतील तर व्याज कशाचं? पाच-साडेपाच टक्के धरा, वर्षाला दोन हजारांवर. मागे उरतात जेमतेम चार हजार, म्हणजे काही महिने हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडू शकते. मग विमा जाईल आणि बोट तेवढी उरेल.

आधी दहा लाखांचा वीस वर्षांचा टर्म विमा घ्या. तब्येत ठणठणीत असेल तर महिना शंभराच्या आत मिळतो. तो हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. पुढच्या पगारापासून ४०१(के) ५ टक्के करा, म्हणजे महिना ४०० जास्त.

एजंट म्हणतील, थांबा, सरेंडर चार्ज दरवर्षी उतरतो. हिशोब सोपा आहे: पुढच्या वर्षीची सरेंडर किंमत वजा आजची. उत्तर १४,४०० पेक्षा (वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा) कमी आलं तर थांबण्यात तोटाच. सरळ सरेंडर केलंत तर ४२,००० चा तोटा करात वजा होत नाही. म्हणून '१०३५' अदलाबदलीने (कर न भरता पॉलिसीतले पैसे दुसरीकडे नेण्याची सोय) कमी खर्चाच्या ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या निवृत्ती योजनेत, जाण्याबद्दल कर सल्लागाराला विचारा. भरलेली मूळ रक्कम कागदावर सोबत जाते, म्हणजे तिथल्या नफ्यातून हा तोटा भरून निघेपर्यंत कर लागत नाही.

या उन्हाळ्यात बोट भाड्याने घ्या. ऑक्टोबरनंतर विकणारे जरा नरमतात, आणि मुलांचं वेड टिकलं का तेही तोवर कळेल.

एजंट मंडळातलेच असतील, गणपतीत आरतीला शेजारी उभं राहायचं असेल, तर फोनवर वाद नको. कंपनीला ईमेल करा आणि दोनच गोष्टी मागा: सरेंडर चार्जचा वर्षवार तक्ता, आणि ४ टक्के परतावा धरून पॉलिसी किती वर्षं टिकते त्याचा नवा तक्ता. आले की मला पाठवा.