विकायच्या घराला नवा ओटा कशाला?

"मॅडम, घर विकायचंय, आधी रिनोव्हेशन करून घ्यावं का?" हा प्रश्न खरंतर एजंटला विचारायचा, पण माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतो तो घरात अबोला सुरू झाल्यावरच येतो. मागच्या वर्षी नाशिकच्या इंदिरानगरचं एक जोडपं आलं (परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत). काका अंबडच्या कंपनीतून रिटायर, काकूंचे गुडघे गेलेले, फ्लॅट तिसऱ्या म्हणजे वरच्याच मजल्यावर आणि लिफ्ट नाही. विकायचं यावर दोघांचं एकमत होतं. पण काकांनी इंटिरियरवाल्याकडून ६ लाख ८० हजाराचं कोटेशन आणलं, मॉड्युलर किचन, पीओपी, नव्या टाइल्स सगळं त्यात, आणि त्या दिवसापासून काकू बोलेनात.

पहिला अर्धा तास काकाच बोलत होते. २०२७ ला कुंभमेळा आहे, भाव चढणार, घर चकाचक पाहिजे वगैरे. (नाशकात हल्ली कुठलाही हिशोब कुंभमेळ्यापाशीच येऊन थांबतो.) मी काकूंना एवढंच विचारलं, तुम्हाला यातलं नेमकं काय नकोय?

"ओटा," त्या म्हणाल्या.

"बावीस वर्षं सांगतेय ओटा ठेंगणा आहे, वाकून वाकून कंबर गेली, कडप्प्याचा कोपरा उडालाय तिथे साडी अडकते, दर वेळी ह्यांचं आपलं पुढच्या दिवाळीला बघू. आणि आता जी बाई मी पाहिलीसुद्धा नाही तिच्यासाठी ग्रॅनाइट?"

काका गप्पच झाले. माणूस वाईट नाही हो, त्यांच्या डोक्यात फक्त आकडे होते, ओट्यापाशी कोण उभं राहतं हे आकड्यात येत नाही.

भावनेचं बोलणं झालं तरी व्यवहार उरतोच, म्हणून मी त्यांना होमवर्क दिला. भागातल्या तीन एजंटना दोनच प्रश्न विचारायचे, घर आहे तसं किती आणि हे सगळं करून किती, आणि हो, कोटेशन दाखवायचं नाही. तिघांच्या उत्तरातला फरक दोन ते तीन लाखाचा निघाला. म्हणजे पावणेसात घालून तीन मिळवायचे, वर दोन महिने धूळ खायची! त्यात एजंट किचनकडे नुसती नजर टाकून पुढे गेले, थांबले ते बेडरूमच्या छतावरच्या ओलीच्या डागापाशी. ते बरोबरच आहे. ओट्याची, टाइल्सची आवड ज्याची त्याची, पण ओल बघितली की घेणारा मनातल्या मनात लाखभर कमी करून मोकळा होतो. नुसता रंग मारून झाकायचं म्हणाल तर पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा हजर, आणि फसवल्याचा बोल तुमच्यावर.

गच्ची सोसायटीची, तेव्हा वॉटरप्रूफिंगही सोसायटीचंच काम. काकांनी सेक्रेटरींच्या मागे लागून ते करून घेतलं, स्वतः फक्त एक गळका नळ, दोन जळकी स्विचबोर्डं आणि साधा पांढरा रंग, सगळं मिळून नव्वद हजाराच्या आत. माझ्या सांगण्यावरून सीएलाही भेटून आले. त्याने सांगितलं की रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती कॅपिटल गेन, म्हणजे घर विकून झालेला करपात्र नफा, काढताना खर्चात सहसा धरत नाहीत, घरात कायमची भर पडेल असं काही केलं तरच धरतात आणि तेही बिलं असतील तर. इंटिरियरवाला नेमका कॅश मागत होता.

दरवेळी उत्तर हेच येईल असं नाही. घर राहण्यासारखंच नसेल, किंवा शेजारी सगळे नवे फ्लॅट आणि तुमचाच जुनाट, तर हिशोब वेगळा बसू शकतो. पण आधी ते दोन प्रश्न विचारा.

घर गेलं. घेणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात किचन तोडलं, आवडलेलं असतं तरी तोडलंच असतं म्हणा. काकाकाकू आता पाथर्डी फाट्याला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आहेत. मध्यंतरी काकूंचा फोन आला, मिस्त्री म्हणत होता ओटा तीस इंचाचाच असतो, तर काका टेप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, आधी हिला इथे उभी राहू दे, मग माप घे. तेहतीस भरला.