42,000 पगारात एकटीने मोशीत 34 लाखांचा फ्लॅट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 31, हातात येणारा पगार 42,000, शिल्लक 11 लाख, घर एकटीच्या नावावर घ्यायचंय. एजंटने पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीतला 34 लाखांचा रिसेल वन बीएचके दाखवलाय आणि 28 लाखांचं कर्ज 30 वर्षांसाठी करून देतो म्हणतोय.

हा घेऊ नका. घर मात्र जरूर घ्या, साडेसत्तावीस-अठ्ठावीस लाखांच्या आतलं.

एजंटचा हिशेब आधी बघा. व्याज 8.5 टक्के धरलं तर 28 लाखांवर 30 वर्षांचा हप्ता साधारण 21,500 येतो. पहिल्या हप्त्यात 19,833 रुपये व्याजाचे आणि मुद्दलात जेमतेम 1,700. खरी अडचण पुढे आहे. व्याजदर वाढला की बँका शक्यतो मुदत लांबवतात, हप्ता तोच ठेवतात. तुमची मुदत आधीच 30 वर्षं ताणलेली, त्यामुळे वाढ थेट हप्त्यावर येणार. दर एक टक्का चढला तर हप्ता 23,500. त्यात मेंटेनन्सचे दोन हजार धरा, म्हणजे खायला-प्यायला, प्रवासाला आणि घरी पाठवायला साडेसोळा हजार उरतात. आज तुम्हाला कमी दराने कर्ज मिळालं तरी हिशेब साडेआठनेच करा.

बँक साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसवते. दोन पगारांच्या घरात एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याच्या पगारावर हप्ता निघतो. तुमच्याकडे तो दुसरा पगार नाही, म्हणून त्याची जागा बाजूला ठेवलेल्या पैशाने घ्यायला हवी. हप्ता 19,000, मेंटेनन्स 2,000, बाकी खर्च 14,000 असे महिन्याचे 35,000. सहा महिन्यांचे 2 लाख 10 हजार एफडीत ठेवायचे आणि घराच्या व्यवहारात त्यांना हात लावायचा नाही. उरले 8 लाख 90 हजार.

आता 28 लाखांच्या घराचे वरखर्च. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क 7 टक्के, फक्त महिलेच्या नावावर घर असेल तर 6, म्हणजे 1,68,000. नोंदणी फी 1 टक्का (कमाल 30,000), इथे 28,000. एजंट एक टक्का घेतो धरलं तर आणखी 28,000. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या जुन्या नोंदींची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन आणि गहाणाच्या नोंदीचा खर्च मिळून तीसेक हजार. सोसायटीचं ट्रान्स्फर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. त्यावर 'देणगी' मागितली तर ती नियमात बसत नाही. रंग, नळ, वायरिंगला 40,000. सगळे मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास. म्हणजे डाउन पेमेंटला तुमच्याकडे साडेपाच-पावणेसहा लाख राहतात. 19,000 हप्त्यात 20 वर्षांसाठी सुमारे 22 लाख कर्ज बसतं. बेरीज केली की साडेसत्तावीस-अठ्ठावीस लाखांचा आकडा येतो.

शिवाय कर्ज 25 लाखांच्या आत राहिल्याचा वेगळा फायदा आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधल्या व्याज अनुदानासाठी वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत लागतं. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं ही मुख्य अट. पात्र ठरलात तर पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार मिळतात. एजंटच्या 28 लाखांच्या कर्जात हे दार बंदच होतं.

बँक कदाचित सहकर्जदार मागेल. वडिलांना सहकर्जदार करायला हरकत नाही, पण करारात सहमालक म्हणून त्यांचं नाव घातलंत तर मुद्रांकातली महिलांची एक टक्का सवलत जाते. सहमालक ठेवायचाच असेल तर आईला ठेवा, सवलत टिकते.

आता कागद. मोशी-चिखली-चऱ्होली पट्ट्यात स्वस्त घर दिसलं की ते स्वस्त का आहे हे आधी शोधायचं. मंजूर नकाशा नसलेल्या, गुंठ्यांत विकलेल्या जमिनीवर उभ्या केलेल्या इमारती या भागात आहेत. तिथे नोटरी केलेला करारनामा दाखवतात, लाइट बिल आणि कर पावती दाखवतात. घरपट्टी आकारली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. दुसरी गोष्ट पूररेषा: मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (जिथे बांधकामाला बंदी असते) 36 बंगले महापालिकेने पाडले. तिसरी, लष्कराचं रेड झोन. देहूरोड आणि दिघी इथल्या दारूगोळा साठ्यांभोवतीच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा नकाशा बघा. पूररेषा आणि रेड झोनच्या शंका तिथेच फिटतात.

विकणाऱ्याकडून मागायचे कागद: बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार (मधला एकही सुटलेला नको), प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा करारनोंदीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, कराची शेवटची पावती. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर जमीन सोसायटीच्या नावावर आलीय की अजून बिल्डरच्या, तेही बघा. भोगवटा नसेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. सर्च रिपोर्ट 30 वर्षांचा घ्या आणि वकील स्वतः नेमा, एजंटचा नको. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो.

विसार देताना घाई करू नका. 51,000 पुरेसे, तेही चेकने. विसारपावतीत दोन वाक्यं हवीतच: कर्ज मंजूर झालं नाही तर विसार परत, आणि मालकी हक्कात दोष निघाला तर विसार परत. विकणाऱ्याचं कर्ज बाकी असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधी घ्या. तुमच्या बँकेचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने निघतो. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.

काही रक्कम रोख द्या, करारात किंमत कमी दाखवू, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. कर्ज करारातल्या किमतीवर मिळतं, मुद्रांक मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर लागतो. म्हणजे तुमचं दोन्हीकडून नुकसान.

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला जा. पार्किंगमधले दिवे, लिफ्ट, वॉचमन जागेवर आहे का आणि रिक्षा-बस थांब्यापासून गेटपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे तेव्हाच कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत दोन हजारांचं मेंटेनन्स उन्हाळ्यात बरंच वर जातं, आणि ते तुमच्या हप्त्याच्या हिशेबात बसलेलं नसतं.

कर्ज मंजूर होताना बँक एका हप्त्यात भरायचा विमा कर्जातच मिसळून देते. त्याची सक्ती नाही. वेगळा टर्म प्लॅन घ्या, बहुधा स्वस्त पडतो आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी चालू राहतो. व्याजावरची करसवलत गृहीत धरू नका. स्वतः राहता त्या घरासाठी ती नव्या करप्रणालीत नाही. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली तर दंड लागत नाही, म्हणून बोनस आला की वर्षातून एक जादा हप्ता भरा. 20 वर्षांचं कर्ज सव्वातीन वर्षं आधी संपतं.

ताबा मिळाल्यावर सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज द्या आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्र करा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त सांभाळणारा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही; साध्या कागदावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. घर ज्यांना मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.