वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण करता येते का?

होय, पण ते कोणते प्लास्टिक आहे यावर अवलंबून आहे. ब्राझीलमधील ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलचे निर्जलीकरण करून, म्हणजे त्याच्या रेणूतून पाणी वेगळे काढून, इथिलीन वायू मिळवते आणि त्यापासून पॉलिइथिलीन हे पिशव्यांसाठी वापरले जाणारे प्लास्टिक बनवते. त्याची रासायनिक रचना खनिज तेलापासून बनलेल्या पॉलिइथिलीनसारखीच असल्यामुळे ते नेहमीच्याच यंत्रणेत वितळवून पुन्हा वापरता येते, मात्र त्याच कारणाने ते मातीत कुजत नाही, आणि हे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले गेलेच पाहिजे. मक्याच्या स्टार्चमधील साखर आंबवून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकचे तसे नाही: ते पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकमध्ये मिसळल्यास मालाची प्रत घसरते, म्हणून ते वेगळे गोळा करावे लागते, तसे केल्यास जलविघटनाने, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने त्याचे रेणू तोडून, त्यातून लॅक्टिक आम्ल परत मिळवता येते.